करडईच्या दिवसांतली मोटार

गेल्या महिन्यात डॉक्टरने मला करडईचं तेल खायला सांगितलं. हृदयाला चांगलं असतं म्हणे. मुलगा येताना दुकानातून चकचकीत डबा घेऊन आला, सुनेने त्यात भाजी फोडणीला घातली, आणि मी वाढलेलं ताट तसंच ठेवून अंगणात जाऊन बसले. घरच्यांना वाटलं, म्हातारी पुन्हा कशावर तरी रुसली. रुसायला मला कारण लागत नाही हे खरं आहे, पण त्या दिवशी मी रुसले नव्हते. तो वास नाकात गेला आणि लोखंडावर घण पडल्याचा आवाज कानात सुरू झाला. आता हे सुनेला कसं सांगायचं? मी म्हटलं, भूक नाही.

फाल्गुन लागला की तिकडची करडई वाळते. तिकडची म्हणजे तिसगावच्या अंगाला असलेल्या आमच्या लहान गावाची. शाळवात, म्हणजे रब्बीच्या ज्वारीत, मधूनमधून करडईचे पट्टे असायचे, आणि शेताच्या कडेने तर असायचेच, कारण गुरं त्या काट्यांना तोंड लावत नाहीत. पौषात तिची कोवळी भाजी व्हायची. मग पिवळी फुलं यायची, ती जुनी होताना केशरी, तांबडी होत जायची, आणि फाल्गुनात सगळं झाड असं वाळायचं की नुसतं घासून गेलं तरी अंगाला रक्त. काढणी पहाटेची. दवाने काटे जरा नरम असतात तोवर होईल तेवढी उरकायची. बायामाणसं हातापायांना गोणपाट गुंडाळून शेतात उतरत आणि ऊन चढलं की ओरखडलेले हात घेऊन परत येत. सुगीची गाणी मी पुष्कळ ऐकली, शाळेत मुलांना शिकवलीही. करडईचं गाणं मात्र कधी ऐकलं नाही. त्यात गाण्यासारखं काही नाहीच.

आम्हा ख्रिस्ती मंडळींचे उपवासाचे दिवसही नेमके तेव्हाच येत. ईस्टरपर्यंत तोंड लांब करून राहायचं. एका वर्षी मात्र ते मुद्दाम करावं लागलं नाही.

माझे वडील, आबा, गावातल्या मिशनच्या दवाखान्याच्या मोटारीवर डायव्हर होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक लांब पडवी आणि शेजारी मोटारीची पत्र्याची शेड. मागच्या बाजूला आमचं घर. डॉक्टरीणबाई त्या मोटारीतून गावोगाव जात, आणि आबा त्यांना नेत. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं, आणि पुढे डॉक्टरीणबाईच लष्कराच्या इस्पितळात निघून गेल्या. दवाखान्याला कुलूप लागलं. मोटार आबांच्या स्वाधीन झाली. बाईंनी जाताना स्टिअरिंगला कुलूप घातलं आणि चावी चुकून स्वतःच्या ट्रंकेत नेली. ती ट्रंक कुठल्या मुलखात गेली ते देवाला ठाऊक.

आबांनी काय नाही केलं त्या मोटारीसाठी! पुढच्या मागच्या आसाखाली दगड रचून तिला उचलून धरली. चाकं काढून टायर गोणपाटात गुंडाळले आणि ते आमच्या झोपायच्या खोलीत, गारव्याला टांगून ठेवले. दर रविवारी उपासनेहून आलं की डोक्याचं पागोटं खुंटीला लावायचं, शेडमध्ये जायचं, हँडल मारून इंजिन जरा फिरवून ठेवायचं, आणि सांध्यासांध्यात तेल घालायचं. ग्रीस लढाईवर गेलं होतं. मशिनचं तेल नगरातही मिळेना. मग आई आमच्या बुधलीतून पळीभर तेल काढून द्यायची. करडईचं. दुसरं होतं कुठे?

त्या वर्षांत आमच्या चटणीवर तेल पडलं नाही, मोटारीवर पडलं. मी तेव्हा नगरला बोर्डिंगात शिकत होते, सुटीत घरी आले की कोरडी चटणी बघून कुरकुरायचे. आई म्हणायची, "बाई परत आल्या अन् गाडी सुरू झाली न्हाई तर आबांचं काय ऱ्हाईल?" मला तेव्हा ते पटत नसे. चटणी खाताना अशा गोष्टी पटत नाहीत.

गावात याची चेष्टा व्हायची. शनिशिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. गंगाराम लोहार, आबांचा लहानपणापासूनचा दोस्त, चावडीसमोर मोठ्याने सांगायचा, "आमी शनिवारी शनीला त्याल घालतो, अन् ह्यो याकोबा रविवारी मोटारीला. एका दिसाचाच काय तो फरक!" आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही ते कळलं. त्यांनी शब्बाथाच्या दिवशी काम करू नये असं आबांना सुचवून पाहिलं. आबा म्हणाले, "काम न्हाई साहेब, सेवा हाय."

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी आईला रक्ताची गुळणी आली.

बोर्डिंगात मी दोन मुलींना तशा जाताना पाहिलं होतं, त्यामुळे मला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. शाळा सोडून मी घरी आले. दवाखान्याच्या रिकाम्या पडवीत आईची खाट टाकली होती, वारा लागावा म्हणून. गाल तेवढे लाल आणि बाकी सगळी कागदासारखी. मला बघून ती म्हणाली, "परीक्षा सोडून कशाला आलीस गं?" आणि लगेच हसली, कारण मी आले याचा तिला आनंद झाला होता.

डॉक्टरीणबाई तोवर परत येऊन नगरच्या इस्पितळात रुजू झाल्या होत्या. त्यांनी क्षयाच्या एका आरोग्यभवनात आईसाठी खाट मिळवली. तशी खाट मिळणं त्या काळात सोपं नव्हतं. निरोप आला: नगरपर्यंत आणा, पुढचं मी बघते, ईस्टरपर्यंत खाट राखून ठेवतील, त्यानंतर नाही. निरोपाबरोबर पेट्रोलचे दोन डबे आले आणि ती चावीही आली. इस्पितळाची स्वतःची गाडी सरकारने लढाईत नेली होती, ती काही परत आली नव्हती.

आता कोणी म्हणेल, मोटारीवाचून एवढं काय अडलं होतं? तिसगावच्या रस्त्याने सर्व्हिस मोटार जायची की. जायची. आबांनी विचारलं. तो कंडक्टर म्हणाला, "खोकनारं मानूस न्हाई घेत आमी. बाकीचे उतरून जात्यात." त्याचं काही चुकलं असंही मला म्हणवत नाही. बैलगाडीने न्यायचं तर दोन दिवसांची वाट, फाल्गुनाचं ऊन, धूळ, आणि आईला कूस बदलताना हिसका बसला तरी रक्त येत होतं. तेव्हा मोटार, नाहीतर काही नाही.

त्या रविवारी उपासना संपल्यावर सगळी मंडळी शेडपाशी जमली. टायर खाली काढून चढवले होते. ते अजून शाबूत होते याचंच लोकांना नवल. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली, मोठी लांब, आणि त्यात मोटारीच्या ज्या ज्या भागाचं नाव त्यांना येत होतं ते सगळं घातलं. स्टिअरिंगचं तेवढं राहिलं. आबांनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग ती मोटार धुराचा लोट सोडून सुरू झाली! पोरं ओरडली, बायांनी तोंडाला पदर लावला, आणि पडवीत आई उशीला टेकून उठून बसली. आबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्या वडिलांना मी एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही.

मोटार दगडांवरून उतरली, शेडच्या बाहेर आली. आबांनी चावी फिरवली, कुलूप सुटलं, आणि ते स्टिअरिंग वळवायला गेले. ते तसूभर हललं नाही. मोटार सरळ समोर गेली आणि बाभळीच्या कुंपणात नाक घालून थांबली. पोरांना तो तमाशाच वाटला. ती आणखी ओरडली.

मोटारीच्या पुढच्या चाकांना वळायला आसाच्या दोन्ही टोकांशी एकेक जाड उभी खुंटी असते. किंगपिन म्हणतात तिला. चाक वळतं ते तिच्याभोवती. आबांनी स्टिअरिंग आणि चाकं यांच्या मधला दांडा सोडवून पाहिला तर स्टिअरिंग मोकळं फिरत होतं. दोन्ही खुंट्या मात्र आपापल्या भोकात जाम बसल्या होत्या, जणू तिथेच ओतल्यासारख्या. गंगारामने येऊन हात लावला आणि म्हणाला, "याकोबा, सरळ जायचं असतं तर आज नगरात पोचला असतास." पण रस्त्यात करंजीचा घाट आहे, आणि घाटात सरळ काही नसतं.

मग रॉकेल सुरू झालं. गावातून मागून आणलेलं, चिमण्यांतून काढलेलं. चिंधी भिजवून खुंट्यांना गुंडाळायची, दिवसभर मुरू द्यायचं, मग ठोकायचं. त्या दिवसांची आठवण काढली की मला दोन गोष्टी दिसतात. पहाटे गोणपाट गुंडाळलेल्या पायांनी काढणीला जाणाऱ्या बाया, आणि उन्हं आल्यावर मोटारीच्या पोटाखाली उताणे झालेले आबा. गंगारामला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती, सगळ्या गावाचे विळे त्याच्याकडे धारेला. तरी तो दुपारी भाकर खाऊन घण खांद्यावर टाकून यायचा. घण पडायचा तशी आईची पापणी लवायची. मी म्हणाले, थांबायला सांगू का? तर म्हणे, "नको. ठोकत्यात तवर बरं वाटतंय."

तिने ट्रंक भरून घेतली होती. दोन लुगडी, शाल, बायबल, आणि तिकडे थंडी असते म्हणून आबांची जुनी बंडी. रोज एकदा मला ती उघडायला लावायची आणि पुन्हा नीट लावून घ्यायची. मला आशा नव्हती. हे मी आज शहाणपणाने म्हणत नाही, तेव्हाच नव्हती. आशा नसलेल्या माणसाने आशा असलेल्या माणसाची ट्रंक लावून द्यायची, यासारखं वाईट काम मी पुन्हा केलं नाही. पाळकसाहेब येऊन म्हणायचे, देव मार्ग काढील. मला त्यांचा राग यायचा. मार्ग होताच की, समोर पडला होता पांढरा. त्यावरून वळत जाणारी चाकं हवी होती.

रॉकेलने काही होईना म्हणून गंगारामने शेगडी आणि भाता आणला. लोखंड तापवलं की फुगतं, भोक जरा सैल होतं, तेवढ्यात खुंटी खाली उतरवायची, असा त्याचा बेत. भरदुपार होती. डावं चाक काढलेलं, आसाच्या टोकाला निखारे लागलेले, गंगाराम भाता मारतोय, आबा हातात सांडशी घेऊन बसलेले. लोखंड तापायला लागलं आणि सगळ्या आवारात वास पसरला.

पडवीतून आईचा आवाज आला. "कोन तळतंय गं? करडईच्या त्यालात पुऱ्या तळतंय जनू कुनी."

कित्येक दिवसांत तिने खाण्याचा शब्द काढला नव्हता.

गंगाराम भाता मारायचा थांबला. खुंटीच्या कडेने पिवळट तांबूस, लाखेसारखं काहीतरी वितळून फुगे धरत होतं. तो हळूच म्हणाला, "याकोबा, ह्यो गंज न्हाई. ह्ये त्याल हाय. वाळून बसलंय."

करडईचं तेल वाळतं. तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी, पळीच्या दांड्याला त्याचं चिवट किटण धरतं, ते राखेने आणि चिंचेने घासावं लागतं, आणि तरी सहज निघत नाही. हे आमच्या गावातल्या एकूण एक बाईला माहीत होतं. आईने तर जन्मभर घासलं. पण ती घरातली गोष्ट, आणि मोटार ही बाहेरची. घरातून शेडपर्यंत पळीभर तेल दर रविवारी गेलं, त्याच्या किटणाची गोष्ट काही गेली नाही. मोटार नुसती टाकून दिली असती, तिच्याकडे ढुंकून बघितलं नसतं, तर थोडाफार गंज चढला असता आणि तो रॉकेलने सुटलाही असता. तिला जाम केलं ते आबांच्या रविवारांनी. आणि आमच्या कोरड्या चटणीने.

आबांनी सांडशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो आणि त्याला मी कशाची उपमा देणार नाही. पडवीकडे तोंड करून ते म्हणाले, "गंगारामच्या घरनं वास येतोय."

गंगारामचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. आणि तो तर भाता धरून आमच्यासमोर बसला होता. पण तोही लगेच बोलला, "व्हय वैनी, आज आमच्यात तळन हाय. पावनं आल्यात."

संध्याकाळी त्याची बायको फडक्यात झाकून चार पुऱ्या घेऊन आली. पाहुणे बिहुणे कोणी नव्हते. नवऱ्याचा शब्द खरा करायला तिने त्या तळल्या होत्या. आईने अर्धी पुरी खाल्ली, अगदी सावकाश. गंगारामच्या बायकोचे हात काढणीने ओरखडलेले होते, तिने ते पदराखाली घेतले.

डाव्या बाजूची खुंटी त्या दिवशी निघाली. दुसऱ्या दिवशी उजवी तापवली, ठोकली, पुन्हा तापवली. एका ठोक्याचा आवाज वेगळाच आला, फुटक्या मडक्यासारखा. खुंटी होती तिथेच होती, आणि ती ज्यात बसते तो आसाचा डोळा तडकला होता. गंगारामने घण बाजूला ठेवला. पडवीतून आईने विचारलं, "निघाली का?"

आबा नगरला गेले. दुकानं पालथी घातली. त्या जुन्या सालच्या मोटारीचा आस आता कुणाकडे नाही, लढाईत सामानाची बोट येणं बंद झालं ते अजून सुरू नाही, असं सगळीकडे एकच. भंगारातून दुसऱ्याच कुठल्या मोटारीचा एक आस त्यांनी खांद्यावर मारून आणला. तो बसला नाही. बसणार नव्हताच, हे आणतानाही त्यांना माहीत असावं. डायव्हर माणूस, नजरेनेच कळतं. पण रिकाम्या हाताने तिच्यासमोर यायचं कसं?

मग उरली बैलगाडी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पोरं शिंदीच्या झावळ्या घेऊन गात चर्चकडे चालली होती, तेव्हा आम्ही गाडीत जाड कडबा अंथरून, त्यावर गाद्या घालून आईला ठेवलं. गंगारामने त्याचे बैल दिले आणि स्वतः कासरा धरला. दोन्ही बाजूंना करडईची रिकामी रानं. खळ्यांवर बडवणी चालू होती आणि फोलकट वाऱ्यावर उडत होतं. आम्ही तिसगावच्या वेशीपर्यंत गेलो. तिथे आईला असा खोकला आला की गादी लाल झाली. सावलीत थांबलो, तिच्या तोंडाला पाणी लावलं. आबा पुढच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले, मग त्यांनी गंगारामला खूण केली आणि गंगारामने बैल वळवले.

ईस्टर आला. चर्चमध्ये प्रभू उठला म्हणून घंटा वाजली. खाट दुसऱ्या कोणाला मिळाली असेल. त्या माणसाचं तरी बरं झालं असावं अशी इच्छा करण्याइतकी मी चांगली नाही.

नंतर एका दुपारी मी आईचे केस विंचरत होते. आबा कुठे बाहेर गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माझंच त्याल हुतं गं ते. मला वास कळत न्हाई व्हय?" मी फणी थांबवली. ती म्हणाली, "त्यास्नी बोलू नगंस. मला म्हाईत न्हाई असंच ऱ्हाऊ दे. आधीच मानूस खचलंय." आणि मग थोडी हसली. "किती जपून द्यायची मी. एक थेंब सांडू द्यायची न्हाई."

ती वैशाखात गेली. मिशनने पुढे ती मोटार मोडीत काढली. मी परीक्षा दिली, मास्तरीण झाले, लग्न झालं, आणि ज्या रोगाला आम्ही तेव्हा एवढे घाबरलो त्यावर औषधं निघाली. लोक म्हणतात, काळ सगळं भरून काढतो. मला तसा अनुभव नाही. माझा काळ नुसता पुढे गेला.

तिला पुरून सगळे पांगले तेव्हा आबा आणि मी मागे राहिलो होतो. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मातीवर दगड रचायचे होते. आबा ते एकेक आणून नीट बसवत होते. मध्येच, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं,

"तिला कळलं न्हवतं न्हवं? त्यालाचं?"

"नाही," मी म्हणाले.

ते हातातला दगड तसाच धरून बसले.

"मग शेवटच्या दिसांत सारखी का म्हनायची मला," ते म्हणाले, "की तुमचा काय बी दोस न्हाई?"

त्यांनी दगड खाली ठेवला, पक्का बसला की नाही ते हाताने हलवून पाहिलं आणि पुढचा आणायला उठले.